पावसाळ्यातला तेरडा आणि हर्बेरियमची शीट

हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, घेतलेला नमुना बिघडतो तो पहिल्या दोन दिवसांत. ऑगस्टमध्ये ताम्हिणी-मुळशीकडे सगळं एकदम फुलतं, पण तेव्हा हवाही ओलीचिंब असते. पिशवीत कोंबून दिवसभर फिरवलेली फांदी रात्री डिपार्टमेंटला आणून प्रेसमध्ये (कागदांच्या थरांत वनस्पती दाबून वाळवायच्या चौकटीत) घातली, तर दोन दिवसांनी काळी पडलेली पानं आणि बुरशीचा वास एवढंच हाती लागतं. म्हणून प्रेस सोबतच न्यायचा आणि जागेवरच दाबायचं. अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी हातात हवी.

शीट, म्हणजे वाळलेला नमुना ज्यावर चिकटवतात तो जाड कागद, साधारण ४२ × २८ सेंमी असते, त्या मापात बसेल अशी फांदी निवडावी. लांब गवत इंग्रजी व्ही किंवा एनसारखं दुमडायचं. एकदोन पानं उलटी ठेवायची, कारण लव आणि शिरा खालच्या बाजूला दिसतात आणि एकदा चिकटवल्यावर पान उलटता येत नाही. प्रेसमधले कागद पहिल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ बदलायचे, पुढे रोज एकदा. ऑर्किड आणि मांसल पानांच्या वनस्पती प्रेसमध्येही कित्येक दिवस जिवंत राहतात आणि मग पानं गळतात. त्या काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून, टिपून मग दाबाव्यात. फुलं मात्र पाण्याबाहेर ठेवायची.

सगळ्यात जास्त फसवतो तो तेरडा. त्याचं फूल इतकं नाजूक की आख्खं दाबलं तर जांभळट डाग उरतो, आणि ओळख तर सगळी फुलातच असते. ताजं फूल जागेवरच सोडवायचं: सोंडेसारखी नळी असलेलं खालचं निदल (पाकळ्यांबाहेरचं दल), दोन्ही बाजूंच्या जोडपाकळ्या, वरची पाकळी, सगळं सुटं करून टिश्यू पेपरवर पसरून दाबायचं. दोनतीन फुलं ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावीत. रानहळदीच्या फुलांचंही तसंच, ती कणसातच कुजतात.

डीएनएसाठी कोवळ्या पानाचे तुकडे वेगळे काढून, पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या मण्यांत) घालायचे. निळे मणी गुलाबी झाले की लगेच बदलायचे. अल्कोहोल शिंपडून टिकवलेल्या नमुन्यातून चांगला डीएनए मिळण्याची आशा धरू नये.

वाळल्यावर जे उरत नाही ते त्याच दिवशी वहीत उतरलं पाहिजे: फुलाचा रंग, वास, चीक, झाडाची उंची, खडक की ओढाकाठ. नुसतं ‘ताम्हिणी’ लिहून भागत नाही. अक्षांश-रेखांश दशांशचिन्हापुढे चार अंकांपर्यंत लिहिले की जागा दहाबारा मीटरच्या आत सापडते. संग्राहक क्रमांक, म्हणजे गोळा करणारा आपल्या प्रत्येक नमुन्याला देतो तो आकडा, आयुष्यभर एकच सलग चालवायचा, दरवर्षी एकपासून सुरू केला की पुढे गोंधळ ठरलेलाच.

वाळलेली शीट प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवावी. भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर शीटवर दव धरतं. जुन्या शीटांवर मर्क्युरिक क्लोराइड असतं, त्या हाताळताना हातमोजे घालाच.

एकाच क्रमांकाच्या तीनचार प्रती कराव्यात. एक डिपार्टमेंटला ठेवून बाकीच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कोरेगाव रस्त्यावरच्या पश्चिम केंद्रात आणि आघारकर संशोधन संस्थेत द्याव्यात, आणि तिथे मिळालेला नोंद क्रमांक शोधनिबंधात छापावा.