उलटी वाजणारी कॅसेट

“टेप गेली दादा. पाण्यात पडली होती का?” दुकानदाराने कॅसेट काचेवर ठेवत विचारलं. एका बाजूला आवाज जाड होऊन रेंगाळत होता, दुसऱ्या बाजूला शब्दच लागत नव्हते. त्यात त्याच्या मशीनने टेप ओढून चुरगाळली होती. बोटभर लांबीची घडी पडलेली मला दिसत होती. पैसे देऊन मी कॅसेट घरी आणली आणि कपाटात ठेवली. पुढचं दीड वर्ष ती परत वाजवून बघायची माझी हिंमत झाली नाही. आमच्या गायकाचा 1997 सालचा आवाज तिच्यात होता, आणि तो 2006 मध्ये गेला.

आम्ही तिघं लातूरला कॉलेजात होतो. मी गिटार वाजवायचो आणि ड्रम मशीनवर ठोके बसवायचो, दुसरा कीबोर्डवर, आणि तिसरा गाणी लिहायचा, गायचा. पुण्याहून कुणीतरी भरून दिलेली एक कॅसेट आमच्या हाती लागली होती: क्लॅन ऑफ झायमॉक्स या डच बँडचा 1985 चा पहिला अल्बम. याला डार्कवेव्ह म्हणतात हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. मशीनचा कोरडा ठोका, विहिरीतून आल्यासारखी गिटार आणि खालच्या पट्टीत, कुणाची मनधरणी न करता गाणारा आवाज. तेवढं ऐकलं आणि ते आपलंच वाटलं.

लातूरच्या पोरांना हे कुठून सुचलं, असं लोक विचारतात. आमचा गायक औसा तालुक्यातल्या एका गावचा. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. घरं झोपलेल्या माणसांवरच बसली. तो चौदा वर्षांचा होता. धाकटी बहीण त्या पहाटे गेली. पुढे कित्येक महिने ते पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. वाऱ्याने पत्रा कसा वाजायचा ते तो तोंडाने काढून दाखवायचा, आणि मी तो आवाज ड्रम मशीनच्या झांजेतून काढायची धडपड करायचो. आजोबांच्या भजनात तो लहानपणापासून एकतारी घेऊन बसलेला, त्यामुळे एका सुराला धरून तासभर बसणं त्याच्या अंगात होतं. लातूरच्या पोरांना ते असं सुचलं.

1998 मध्ये आम्ही सहा गाण्यांची कॅसेट काढली. झेरॉक्सचं कव्हर, 32 प्रती, अर्ध्या मित्रांना फुकट. त्याच्या आदल्या वर्षी केलेले डेमो, म्हणजे कच्ची रेकॉर्डिंग, मात्र कुणालाच ऐकवले नव्हते. मार्केट यार्डाजवळच्या एका आडत दुकानामागे रिकामी खोली होती. दिवसभर हमालांची वर्दळ, म्हणून आम्ही रात्री रेकॉर्डिंग करायचो. पुण्याहून आठ दिवसांसाठी फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डर मागून आणला होता. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत विसरून गेलो होतो, आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

क्लॅन ऑफ झायमॉक्स नायमेखेनमध्ये 1981 साली सुरू झाला. त्यांनी 1983 मध्ये ‘सबसिक्वेंट प्लेझर्स’ ही रेकॉर्ड स्वतःच काढली होती, फक्त 500 प्रती. फोर-ए-डी या रेकॉर्ड कंपनीकडे ते नंतर गेले. ती रेकॉर्ड पुढे जुन्या डेमोंसकट पुन्हा निघाली. ते डेमो ऐकताना मला आपली कपाटातली कॅसेट आठवली आणि त्याच रात्री ती बाहेर काढली.

या वेळी मी दुसरी, ‘शब्द न लागणारी’ बाजू लावली. हेडफोनमध्ये एक आवाज हळूहळू फुगत आला आणि टोकाला पोचला की कापल्यासारखा तुटला. परत तसाच फुगला, परत तुटला. पाच-सहा वेळा ऐकल्यावर ओळख पटली. ती एकतारी होती. तार छेडली की आवाज एकदम उमटतो आणि मग विरत जातो. इथे तो आधी विरलेला होता आणि शेवटी उमटत होता. टेप खराब झालेली नव्हती, उलटी वाजत होती!

साध्या कॅसेटला दोन बाजू असतात, प्रत्येक बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक. फोर-ट्रॅक मशीन हे चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरतं. अशी कॅसेट साध्या डेकवर लावली की पहिल्या बाजूला दोन ट्रॅक सुलटे ऐकू येतात, आणि कॅसेट पलटली की उरलेले दोन उलटे. शिवाय आमचं मशीन दुप्पट वेगाचं होतं. साधी कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकते, आमची साडेनऊ सरकलेली. म्हणून सगळं निम्म्या वेगाने आणि एक सप्तक खाली वाजत होतं. दुकानदाराला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. मला मात्र आठवायला हवं होतं.

ज्यांच्या घरात अशा कॅसेटी पडून आहेत त्यांच्यासाठी पुढचं जरा सविस्तर लिहितो. सापडलेली कॅसेट लगेच वाजवू नका. आमच्या कॅसेटमध्ये टेपला हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा बारीक तुकडा गळून पडला होता, त्याचा डिंक सुकलेला. स्क्रूवाली कोरी कॅसेट आणली, पाच स्क्रू काढून आतली रिळं बाहेर घेतली आणि आमची रिळं त्यात बसवली. पंखा बंद, खाली पांढरा कपडा, हात धुऊन कोरडे केलेले. मग डेकचे हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, कापसाचा बोळा तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत. टेप एकदा शेवटापर्यंत पळवून परत आणली, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे सैल होतात. चुरगाळलेल्या जागेला मी काहीही केलं नाही. दाबून सरळ करायचा मोह होतो, पण त्याने वरचा थर निघू शकतो. त्या ठिकाणी गाणं क्षणभर बुडतं. ते तसंच राहिलं.

मग आला तो छोटा स्क्रू. डेकच्या हेडशेजारी एक स्क्रू असतो, त्याने हेडचा टेपशी असलेला कोन बदलतो. ज्या मशीनवर भरलं त्याचा कोन आणि ज्यावर वाजवतो त्याचा कोन जुळला नाही, तर आवाजातली धार जाते आणि सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकायचं आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हरने केसभर, केसभर फिरवायचं. दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळं. दुसऱ्या बाजूला मी अर्धा तास फिरवत बसलो होतो. एका जागी अचानक गोधडी बाजूला झाली. उलटा, मंद, पण त्याचा श्वास ऐकू आला, ओठ उघडताना होणारा बारीक आवाजसुद्धा. मी हात काढून घेतला आणि बराच वेळ काहीच केलं नाही.

24 बिट, 96 किलोहर्ट्झवर दोन्ही बाजू कंप्युटरवर घेतल्या. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. वेग दुप्पट केला, दुसरी बाजू उलटवली. आता चार ट्रॅक होते, पण दोन वेळा वेगवेगळे वाजवलेले, आणि कुठलाही डेक दोनदा तंतोतंत एकाच वेगाने चालत नाही. मिनिटभरात ठोका आणि आवाज एकमेकांपासून सुटायचे. मार्ग मित्राच्याच ट्रॅकमध्ये सापडला. गाताना त्याच्या हेडफोनमधून ड्रम मशीनचा ठोका माइकमध्ये झिरपला होता. त्या झिरपलेल्या ठोक्यावर मूळ ठोका बसवत गेलो, चार-चार मात्रांचा तुकडा पकडून. एका गाण्याला दोन-तीन संध्याकाळी लागल्या.

मूळ वेग नेमका किती? विजेचा ‘हम’, म्हणजे मंद घूं-घूं, टेपवर होता. तो 50 हर्ट्झ धरून वेग बसवावा असं आधी वाटलं होतं, पण त्या काळात आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी 50 वर टिकत नसे. शेवटी कीबोर्डच्या सुरावरून वेग लावला, कारण डिजिटल कीबोर्डचा सूर विजेबरोबर खाली-वर होत नाही.

यानंतर आमचं दोघांचं वाजलं. कीबोर्डवाला आता पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, खरखर पूर्ण काढू, नवीन सॉफ्टवेअर एका मिनिटात काढून देतं. त्याने करून पाठवलंही. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर एकतारीचं विरणंही गेलं. तार छेडली की लगेच शांतता. मी त्याला फोनवर दोन्ही तुकडे लागोपाठ ऐकवले. तो म्हणाला, “राहू दे.” फक्त हम थोडा कमी केला. तिसरा डेमो तर अर्धाच आहे. गाताना लाइट गेली होती. मोटर मंदावत असताना भरलेला आवाज वाजवताना वर चढतो, त्यामुळे शेवटच्या शब्दाला त्याचा सूर एकदम उंच जातो आणि संपतो. तेही तसंच ठेवलं.

राहिली परवानगी. गाणी त्याची, शब्द त्याचे. कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि वारसांकडे जातो. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तो हक्क काकूंकडे, त्याच्या आईकडे. ओळखीच्या वकिलाने सांगितलं की तोंडी ‘हो’ चालत नाही, 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी आणि सहीचं लागतं. कुठली गाणी, किती वर्षं, कुठल्या देशांत, पैसे किती, सगळं लिहायचं. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मित्राच्या घरी कागद घेऊन जायला मला संकोच वाटत होता. आज वाटतं, न नेता गेलो असतो तर चूक झाली असती.

काकूंनी आधी चहा ठेवला, मग म्हणाल्या, “वाच. सगळं वाच, मधलं गाळू नको.” मी वाचलं. “त्याचं नाव कुठं येणार?” मी कव्हरवरची जागा दाखवली. मग त्यांना चारही डेमो ऐकवले, छोट्या स्पीकरवर. पहिल्याला त्या मान हलवत होत्या. एकतारी लागल्यावर म्हणाल्या, “ही तेच्या आजाची.” चौथ्या गाण्यात तो बहिणीला तिच्या घरातल्या नावाने हाक मारतो, तीनदा. काकूंनी हात वर केला आणि मी गाणं थांबवलं.

“हे न्हाई द्यायचं बाळा. तिचं नाव लोकांत नको.”

चारांतलं सगळ्यात चांगलं गाणं तेच होतं, आणि त्याच्यावर माझ्या सर्वांत जास्त संध्याकाळी गेल्या होत्या. मी कागदावरच्या यादीतली चौथी ओळ खोडली, बाजूला त्यांनी सही केली, मी केली. पैशांचा त्यांचा हिस्सा आम्हा दोघांपेक्षा जास्त ठेवला होता. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आकडा मात्र परत एकदा वाचायला लावला.

बाकीचं पटकन झालं. 1998 च्या सहा गाण्यांची मूळ मास्टर हरवली आहे, म्हणून सापडलेल्या चार प्रतींतली सर्वांत कमी वाजलेली घेतली. प्रत्येक गाण्याला लागणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक वितरकानेच दिला. सहा गाणी आणि तीन डेमो आता ऑनलाइन आहेत. 40 कॅसेटी मी घरीच भरल्या, दोन डेक जोडून, प्रत्येक बाजू पूर्ण वाजवून. कव्हर पुन्हा झेरॉक्सचंच, फक्त आत त्याचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव.

चौथं गाणं काकूंच्या मोबाइलच्या मेमरी कार्डात टाकून दिलं. कसं लावायचं ते त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं, आणि तिसऱ्यांदा स्वतः लावलं.