वसईची हद्द आणि आमचे बावखळ

आमच्या वाडीच्या मागच्या अंगाला एक बावखळ आहे. ज्यांनी वसईचा पश्चिम पट्टा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बावखळ म्हणजे विहीर नव्हे आणि तलावही नव्हे. वाडीच्या सखल भागात पिढ्यानपिढ्या खणून राखलेला तो गोड्या पाण्याचा मोठा खड्डा असतो. पावसाळ्यात तो काठोकाठ भरतो आणि पुढचे महिने ते पाणी हळूहळू रेताड जमिनीत मुरत राहते. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे जमिनीखालून खारे पाणी सतत आत शिरू पाहते, आणि त्याच्यावर असलेला गोड्या पाण्याचा थर जितका जाड, तितके ते मागे रेटले जाते. बावखळ भरलेले असेल तर विहिरीचे पाणी जेठापर्यंत गोड राहते. बावखळ बुजवले तर चार-पाच वर्षांत चहाला खारट चव येऊ लागते. आजोबा दर वैशाखात बावखळातला गाळ उपसून केळीच्या बुंध्यांशी टाकत. पानवेलीच्या मळ्याला रहाटाने पाणी जायचे तेही इथूनच. रहाट केव्हाच गेला, त्याचा दगडी कठडा तेवढा उरला आहे आणि दुपारी त्यावर बसून खंड्या मासे टिपतो.

सात-बाराच्या उताऱ्यावर या जागेची नोंद पोटखराबा अशी आहे, म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र. ज्या खड्ड्यामुळे आजूबाजूची सगळी जमीन लागवडीस योग्य राहिली, तोच कागदावर खराबा ठरतो. वसईतल्या गावांचा महापालिकेत समावेश करण्यावरून गेली पंधरा-सोळा वर्षे जो वाद चालू आहे, त्याच्याकडे मी या नोंदीच्या बाजूने पाहतो. हा वाद पक्षांचा आहे, नेत्यांचा आहे, न्यायालयाचा आहे हे खरे. पण माझ्या लेखी तो आधी या गोष्टीचा आहे की जमिनीवर जे आहे ते नकाशात दिसते का, आणि जे दिसत नाही त्याबद्दल निर्णय कोण घेतो.

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा आणि त्यांच्याभोवतीची पन्नासहून अधिक गावे एकत्र करून ती उभी राहिली. चार नगर परिषदा एकत्र करण्याला फारसा कोणाचा आक्षेप नव्हता, कारण स्थानकालगतचा तो भाग इमारतींनी आधीच एकमेकांत मिसळला होता. आक्षेप गावांचा होता. आगाशी, निर्मळ, वाघोली, गास, गिरीज, भुईगाव अशा गावांत लोक केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा आणि भाजीपाला पिकवून मुंबईच्या बाजारात पाठवत होते. त्यांच्या ग्रामपंचायती चालू होत्या, ग्रामसभा भरत होत्या आणि त्या ग्रामसभांनी नको म्हटले होते. आंदोलन इतके मोठे झाले की २००९ च्या विधानसभा निवडणुकीत याच प्रश्नावर विवेक पंडित वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले. मे २०११ मध्ये राज्य शासनाने २९ गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली, त्या अधिसूचनेला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि मग प्रकरण वर्षानुवर्षे तिथेच राहिले. वगळली असे कागदावर लिहिलेली गावे प्रत्यक्षात महापालिकेतच राहिली. २०२४ मध्ये शासनाने भूमिका बदलून ही गावे महापालिकेतच ठेवण्याचे ठरवले आणि पुन्हा हरकती मागवल्या. त्यातच २०२० मध्ये महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली होती आणि पुढची कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता; म्हणजे ज्या काळात गावांचे भवितव्य ठरत होते, त्या काळात गावकऱ्याला जाब विचारायला सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही नव्हता.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर गावाचा हात फार तोकडा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या २४३ थ या अनुच्छेदात नागरी क्षेत्र ठरवण्याचे निकष दिलेले आहेत: लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराची टक्केवारी, आर्थिक महत्त्व, आणि राज्यपालांना योग्य वाटतील असे इतर घटक. या यादीत ग्रामसभेचा होकार कुठेही नाही. अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते. पण ग्रामसभेचा ठराव शासनावर बंधनकारक ठरत नाही. ज्या गावात बहुतेक घरे अजून शेतीवर, फुलांवर किंवा मासळीवर जगतात, त्या गावाने निदान बिगरशेती रोजगाराच्या निकषावर बोट ठेवून हा निकष आम्हाला कसा लागू होतो असे विचारले, तर तो प्रश्न रास्त आहे असे मला वाटते.

विरोध करणाऱ्यांपैकी प्रत्येकाचे कारण मात्र शुद्ध होते असे मी म्हणणार नाही. माझे धाकटे चुलते पहिल्यापासून समावेशाच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे असे की शहराच्या सीमेला लागून असलेल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत बेकायदा चाळी उभ्या राहतात त्या कोणी पाहत नाही, कचरा खाडीत जातो, आणि मुलाला घर वाढवायचे तर परवानगी कोणाकडे मागायची हेच कळत नाही. चुलते खोटे बोलत नव्हते. नळाचे पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, दवाखाना हे सगळे गावालाही हवेच आहे. पण या सोयी देण्यासाठी गावाची जमीन शहराच्या विकास आराखड्यात आलीच पाहिजे, आणि आराखड्यात आली की तिथे इमारतीच उभ्या राहिल्या पाहिजेत, हे गृहीत मला पटत नाही. इतक्या वर्षांच्या वादात याच गृहीतावर सर्वांत कमी चर्चा झाली.

वसईत ही चर्चा खरे तर महापालिकेच्या आधीपासूनची आहे. १९९० च्या सुमारास वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडको या राज्य शासनाच्या नगरनियोजन कंपनीकडे गेले आणि स्थानकांच्या आसपास इमारती झपाट्याने वाढू लागल्या. त्या इमारतींना पाणी कुठून मिळणार याची सोय नव्हती, म्हणून टँकर आमच्याकडच्या विहिरींवर आले. दिवसाला कितीतरी फेऱ्या होत, पंप रात्रंदिवस चालत, आणि ज्या विहिरी कधी आटल्या नव्हत्या त्यांचे पाणी मचूळ झाले. मी तेव्हा शाळेत होतो. वाडीच्या कडेने गेलेल्या रस्त्यावर टँकरमधून सांडलेल्या पाण्याची ओली रेघ दिवसभर सुकत नसे, हे मला स्वच्छ आठवते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्या वेळी जो लढा उभारला, त्यात शेतकरी, शिक्षक, कोळी, ख्रिस्ती, हिंदू सगळे होते, कारण विहीर खारी होताना कोणाची आहे हे पाहत नाही. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. आमच्याकडे मात्र ते आधी पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेले फादर होते. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले.

बाहेरच्या लोकांना वसई म्हटले की किल्ला आठवतो. त्यात चूक काही नाही. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकली, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. आणि त्याच्याही फार आधी शेजारचे सोपारे, म्हणजे शूर्पारक, हे नावाजलेले बंदर होते, जिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, त्यामुळे त्याच्या तटाला हात लावताना चार वेळा विचार होतो. वाडी, बावखळ, रहाटाचा कठडा, वाडीवाडीतून जाणारी ओहळाची वाट, यांना असे संरक्षण कोणतेही खाते देत नाही. या शहराला ऐतिहासिक म्हणायचे तर त्याच्या चारशे-पाचशे वर्षांच्या पोटापाण्याची व्यवस्थाही त्या इतिहासात धरली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

वादाची दुसरी बाजू मी रोज राहतो तिथे आहे. नोकरीमुळे स्थानकाजवळ राहणे सोयीचे म्हणून आम्ही माणिकपूरला सदनिका घेतली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. इमारत चार मजली, १९८० च्या दशकातली, लिफ्ट नसलेली. तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने करावी लागते, ती झाली. खांबांतले लोखंड गंजले आहे असा अहवाल आला, आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली. मग कागद बाहेर निघू लागले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी असल्याचा अधिकृत दाखला, नाही. जमीन अजून मूळ बांधकाम करणाऱ्याच्या वारसांच्या नावावर आहे, कारण आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीच्या मालकीची बदली, कधी झालेच नाही; आता मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे वारसांच्या सहीवाचून ती बदली करून मिळण्याचा, अर्ज केला आहे. २०२० च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीमुळे चटई क्षेत्र, म्हणजे त्या जमिनीवर बांधता येणारे एकूण क्षेत्र, वाढीव मिळेल, त्यामुळे विकासक पुढे येत आहेत, आणि २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी आहे.

विशेष सर्वसाधारण सभेत एका विकासकाने आराखडा भिंतीवर दाखवला. बावीस मजले, तळाला तीन मजल्यांचे वाहनतळ. सगळ्यांचे लक्ष कोणाला किती चौरस फूट वाढीव मिळणार याकडे होते, आणि ते साहजिकच आहे, कारण पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली तीस वर्षे काढलेल्या माणसाला मोठे, कोरडे घर हवेच असते. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी विचारले, “विहीर कुठे गेली?” आमच्या आवारात एक जुनी विहीर आहे, नळाला एक दिवसाआड पाणी येई तेव्हा सगळी इमारत तिच्यावर जगली. आराखड्यात त्या जागी वाहनतळाच्या उताराची रेघ होती. विकासकाच्या माणसाने ती कुठे दाखवलेली नाही असे सांगितले आणि पुढचा कागद लावला. काकूंनी पुन्हा विचारले नाही, पण सभा संपेपर्यंत त्या भिंतीकडेच पाहत होत्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की वाडीतले बावखळ आणि आवारातली विहीर ही एकाच कारणाने नाहीशी होतात. २४ सदनिकांच्या जागी शंभराहून अधिक सदनिका येतील तर त्यांचे पाणी कुठून येणार, हे आराखड्यात नसते. ते पालिका देईल असे धरलेले असते. पालिकेचे पाणी मुख्यतः लांबच्या सूर्या धरणावरून येते. सूर्या प्रादेशिक योजनेच्या दररोजच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याला ठरवलेले आहे. २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे होती आणि त्यानंतर इथे जी भर पडली ती लोकल गाडीच्या दारात उभे राहणाऱ्या कोणालाही सांगावी लागत नाही. जाणाऱ्या पाण्याचीही हीच गत आहे. जुलै २०१८ च्या पावसात रेल्वे थांबली, मिठागरात माणसे अडकली, अनेक इमारतींत दिवसेंदिवस पाणी राहिले. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने पाणी साठवून ठेवण्यासाठी धारण तलाव बांधायला सुचवले. गावोगावची बावखळे हेच काम शतकानुशतके फुकट करत आली आहेत.

हद्द वाढवण्यापूर्वी आहे त्या हद्दीत काय झाले हे पाहण्याचा गावाला अधिकार आहे, आणि ते चित्र दुःखद आहे. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या; न्यायालयाच्या आदेशावरून २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडण्यात आल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली, ज्यांतल्या बहुतेकांनी आपली आयुष्यभराची पुंजी देऊन ते घर घेतले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. आराखड्यावरचे आरक्षण जमिनीवर राखले जात नसेल, तर माझ्या बावखळावर उद्या उद्यानाचा हिरवा ठिपका पडला तरी मी त्यावर विश्वास कसा ठेवावा?

मला हवे आहे ते फार नाही. गाव महापालिकेत असो की बाहेर, आधी प्रत्येक बावखळाची, विहिरीची आणि ओहळाची मोजणी व्हावी, ती सात-बारावर जलसाठा म्हणून नोंदली जावी, आणि विकास आराखड्याची आरक्षणे त्यानंतर टाकली जावीत. हा क्रम उलटा झाला की पुढची प्रत्येक सुनावणी उशिराची ठरते.

हरकती मागवल्या तेव्हा मीही एक दिली. त्यात समावेशाला विरोध की पाठिंबा हे पहिल्या परिच्छेदात नव्हते. आमच्या आळीतली अकरा बावखळे मी आणि चुलत्यांनी मिळून दोन रविवारांत मोजली होती. टेप धरायला तेच आले होते, समावेशाच्या बाजूचे असूनही. प्रत्येकाची लांबी, रुंदी, सर्व्हे क्रमांक आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात उरलेल्या पाण्याची खोली लिहून, हाताने काढलेला नकाशा जोडून दिला. अकरांपैकी तीन आता बुजलेली आहेत. तीही नकाशात तुटक रेघेने दाखवली. पोच घेताना टेबलापलीकडच्या तरुण कारकुनाने नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि तुटक रेघेच्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, “इथे आम्ही लहानपणी पोहायला शिकलो.” मग त्याने शिक्का मारला आणि जोडपत्रांच्या रकान्यात एक असा आकडा लिहिला.