रेघ डुलते तो नॉइज नव्हे
आज दिवसभर स्पेक्ट्रोफोटोमीटरला, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश आरपार जातो ते मोजणाऱ्या यंत्राला, चिकटून होते. नमुना कॅडमियम टेल्युराइड या अर्धवाहकाचा, काचेवर जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा थर. हातात धरला तर काळपट आरसाच. उजेडात तिरका केला की कडेला, थर विरळ होतो तिथे, हिरवट-गुलाबी पट्टे उमटतात.

आलेखातही तेच. ८५० नॅनोमीटरच्या पुढे प्रकाश आरपार जायला लागतो आणि पारगमनाची रेघ वरखाली डुलते. नवखी मुलं म्हणतात, मॅडम, नॉइज आहे, यंत्राची खरखर. अरे, नॉइज कसला! थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरींचं व्यतिकरण आहे ते, एकमेकींत मिसळून कुठे वाढणं, कुठे विझणं. अपवर्तनांक माहीत असेल तर शिखरांच्या अंतरावरून जाडी निघते, तीही फुकटात.

बँड गॅपशी, म्हणजे अर्धवाहकातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेशी, मात्र माझं जुनं भांडण. शोषणावरून ती काढायच्या आलेखावर, टाउक प्लॉटवर, सरळ रेघ कुठून कुठवर धरायची, हे शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यावर. १.४५ म्हणा, १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणा. त्यामुळे तीन दशांश स्थळं छापणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. परावर्तन न मोजताच शोषण काढणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

उद्याचा नमुना खडबडीत आहे. इंटिग्रेटिंग स्फिअर, म्हणजे सगळीकडे विखुरलेला प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल, लावावा लागेल, नाहीतर विखुरलेला प्रकाश डिटेक्टरला चुकवून जातो आणि आपण तो शोषला गेला असं धरून बसतो.