किल मॅकलोग कुठला?

सेंट पॅट्रिक डेच्या आधीच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात गणपतीआधी मखरवाल्याकडे असते तशी झुंबड असते. वर्षभर ज्यांना आपण आयरिश असल्याची आठवण नसते, त्यांनाही एकदम खापरपणजी आठवते आणि तिचं गाव सतरा तारखेच्या आत हवं असतं. मी न्यूयॉर्कमध्ये वंशावळी शोधून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करते. साताऱ्याची माझी आत्या लोकांना सांगते, "ती तिकडं हेळव्याचं काम करते." खोटं नाही. हेळवी नंदीवर बसून आपल्या दारात येतो, इथे लोक आमच्या दारात येतात, एवढाच फरक.

त्या मंगळवारी आलेले गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सबवेत मोटरमन म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. माझ्या नावाचं त्यांनी पहिल्या मिनिटाला "शुबँगी" केलं आणि मी नेहमीप्रमाणे ते सोडून दिलं. त्यांनी टेबलावर एक जाड फाइल ठेवली. दुसऱ्या एका एजन्सीने करून दिलेली, गुळगुळीत कागद, वर रंगीत ढाल-तलवार आणि खाली "मॅकलोग घराणं, डोनेगल". त्यासाठी बरेच पैसे मोजून हे मागच्या वर्षी डोनेगलला जाऊनही आले होते. तिथल्या दफनभूमीत उभं राहून फोटो काढले होते.

"उभा राहिलो, पण काही वाटलंच नाही," ते म्हणाले. "फक्त पाय गारठले."

न वाटणं हा काही पुरावा नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्यांनी खरी अडचण सांगितली. घरात पिढ्यान् पिढ्या 'केरी' हाच शब्द होता. केरी नैऋत्येच्या टोकाला, डोनेगल वायव्येच्या. एजन्सीचं म्हणणं, घरातल्या आठवणींवर विसंबू नये. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की बँकेच्या वहीवरच्या नोंदीची कुणीतरी टाइप केलेली यादी वाचून थांबू नये, मूळ पान उघडावं.

वही होती एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेची. १८५० मध्ये चेंबर्स स्ट्रीटवर ही बँक निघाली ती आयरिश एमिग्रंट सोसायटीच्या मंडळींनी काढली म्हणून, आणि आर्चबिशप जॉन ह्यूज पाठीशी होते म्हणून. गिऱ्हाईक म्हणजे मोलकरणी, हमाल, धुणंवाल्या, गवंडी. १८५५ च्या शिरगणतीत न्यूयॉर्कमधल्या दर चार माणसांमागे एकाहून जास्त आयर्लंडात जन्मलेलं होतं, आणि त्यात एकाच नावाची माणसं शेकड्यांनी. पुष्कळांना सही येत नव्हती. मग उद्या पैसे काढायला आलेली बाई तीच कशावरून? बँकेने उपाय काढला: खातं उघडताना एवढं विचारून ठेवायचं, की तोतयाला ते सांगता येऊ नये. जन्मगाव, कुठल्या बोटीने कधी आलात, आईबापांची नावं, कोण जिवंत, कोण मेलं, भाऊ किती, बहिणी किती, त्या कुठे असतात. या वह्यांना 'टेस्ट बुक' म्हणतात. आपल्या केवायसीची खापरपणजी म्हणा हवं तर.

इतिहास जपावा असं त्या कारकुनाच्या मनातही नव्हतं. त्याला फसवणूक टाळायची होती. पण १९२२ च्या ३० जूनला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं दफ्तरखाना जळालं, १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्यांचे कागद त्यात जवळजवळ सगळे गेले. त्यानंतरच्या चार शिरगणत्या तर सरकारनेच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे केरीतल्या एखाद्या भूमिहीन घरात १८५१ साली माणसं किती होती, हे आज आयर्लंडपेक्षा न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत ठेवलेल्या या वह्यांत सापडण्याची शक्यता जास्त. कुणाच्या मायेने नाही, एका बँकेच्या संशयीपणाने ही माणसं टिकली.

तर पान उघडलं. त्यांच्या घरातली जी बाई अमेरिकेला आली तिचं खातं, १८५३ चं. पहिलं नाव सांगत नाही. आडनाव सलिव्हन, ते सांगायला हरकत नाही, कारण त्यावरून काहीच कळत नाही. केरीत सलिव्हन म्हणजे आपल्याकडचे पाटील. तिथे म्हणे घराण्यांना 'गोरे', 'तांबडे' अशी टोपणनावं लावून वेगळं ओळखतात. पुढे धंदा: धुणं. पत्ता: ऑरेंज स्ट्रीट. मग शेऱ्याचा रकाना, तिथे जिल्ह्याच्या नावावरच शाईचा डाग. डागानंतर ओळीच्या शेवटी 'किल', खालच्या ओळीच्या सुरुवातीला 'मॅकलोग'. त्याला लागून 'बाप मयत'. मग आई आयर्लंडात, एक भाऊ, दोन बहिणी, आगमन १८५१ लिव्हरपूलहून. अगदी शेवटी, समासात कोंबलेला शब्द: अविवाहित.

यादी करणाऱ्याने 'किल मॅकलोग, बाप, मयत' असं वाचलं होतं. लोग हे आडनाव डोनेगल-डेरीकडचं, म्हणून एजन्सीने बाईला डोनेगलला नेऊन पोचवलं. बापाचं आडनाव मॅकलोग आणि हिचं सलिव्हन कसं, तर सलिव्हन नवऱ्याचं असणार. समासातला 'अविवाहित' त्यांनी पाहिलाच नव्हता. आणि 'किल' हे माणसाचं नाव असतं का, एवढंही कुणाच्या मनात आलं नाही.

माझी एक सवय आहे. अडलं की मी तो शब्द वहीत देवनागरीत लिहिते आणि मोठ्याने वाचते. केरीहून आलेल्या अनेकांची भाषा आयरिश. काउंटरपलीकडचा कारकून कानाला आलं ते इंग्रजीत उतरवणार. ज्यांनी खडकीचं किरकी आणि शीवचं सायन झालेलं पाहिलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांची फसगत करतं, देवनागरीत निदान आवाज तरी हाती लागतो. मी लिहिलं: किलमॅकलोग. सलग. वाचलं. 'किल' म्हणजे आयरिशमधलं 'किल्ल', चर्च. आपल्याकडे पिंपळगाव, वडगाव, तशी तिकडे किल-वाली गावं ढिगाने. माणूस नव्हताच, गाव होतं. बाईने आधी गाव सांगितलं होतं आणि मग बाप मेल्याचं.

आयर्लंडात टाउनलँड नावाच्या वाड्या आहेत, साठ हजारांच्या वर. सरकारी गावनामांच्या कोशात ऐकून-ऐकून चार स्पेलिंगं टाकली आणि पाचव्याला केरीच्या दक्षिणेला, बेअरा द्वीपकल्पावर, टूसिस्ट परगण्यात एक बंदर मिळालं: किलमॅकिलोग. तरी खात्री नव्हती. एका आवाजावर गाव ठरवणं म्हणजे एजन्सीने केलं तेच उलट बाजूने करणं. म्हणून त्याच दिवशी त्याच पानावर उघडलेली वरची-खालची खाती वाचली. लोक बँकेत एकेकटे जात नसत, शेजारपाजार घेऊन जात. वरची बाई केनमेअरची, खालचा माणूस टूसिस्टचा, दोघांचाही पत्ता ऑरेंज स्ट्रीट, दोघांचंही आगमन १८५१.

तिथे मात्र मी खुर्चीत ताठ बसले. १८५१, केनमेअर, टूसिस्ट, ऑरेंज स्ट्रीट, ही चौकडी आमच्या धंद्यात ओळखीची आहे. तो सगळा मुलूख लॅन्सडाउनच्या जहागिरीचा. दुष्काळानंतर कुळं केनमेअरच्या वर्कहाउसात, म्हणजे गरीबखान्यात, उपाशी पडलेली, त्यांचा खर्च जहागिरीच्या बोकांडी. विल्यम स्टुअर्ट ट्रेंच नावाच्या नव्या कारभाऱ्याने हिशेब केला, की यांना पोसण्यापेक्षा अमेरिकेचं तिकीट काढून देणं स्वस्त. आठवड्याला दोनशे माणसं निघाली. अंगावर जेमतेम कपडे. न्यूयॉर्कला उतरून ती फाइव्ह पॉइंट्समध्ये, शहरातल्या सगळ्यांत बदनाम वस्तीत, एकमेकांना धरून राहिली. याच जहागीरदाराचा नातू पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आला, १८८८ ते १८९४. टिळकांनी ज्या संमतिवयाच्या कायद्याविरुद्ध रान उठवलं, तो त्याच्याच कारकिर्दीतला. त्याचं आवडतं घर डेरीन, आणि ते आहे या किलमॅकिलोग बंदरावर. कुलाब्याच्या लॅन्सडाउन रोडवर मी कॉलेजात असताना किती वेळा चालले असेन, काय कल्पना होती!

आजोबा दुपारी परत आले तेव्हा मी एवढं सगळं त्यांच्यासमोर मांडलं. पुढचं सांगावं की नाही, याचा मात्र विचार करत होते.

पुढचं म्हणजे दुसरं खातं. १८५८ चं. आता लग्न झालेलं, नवरा हमाल, पत्ता बॅक्स्टर स्ट्रीट. घर बदललं असं वाटतं, पण बदललं नव्हतं. ऑरेंज स्ट्रीटचंच नाव १८५४ मध्ये बॅक्स्टर झालं. भाऊ-बहिणी त्याच. फक्त एक शब्द वेगळा. आधी 'आई आयर्लंडात' होतं, आता 'आई न्यूयॉर्कमध्ये'. आणि दोन्ही खात्यांमधल्या काळात पहिल्या खात्यातून एक मोठी रक्कम निघालेली. कशासाठी ते वही सांगत नाही. मी त्यांना सांगितलं, की तिकिटासाठी असं मी म्हणणार नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवते फक्त. तरीही दुसऱ्या खात्यात दोनशेच्या वर डॉलर होते. मोलकरणीला तेव्हा राहून-जेवून महिन्याला पाच-सात डॉलर मिळायचे.

ते बराच वेळ पान बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्याकडे पैसे होते?"

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. त्यांच्या घरात गोष्ट अशी, की ती आली रिकाम्या हाताने, कुणाचा एक पैसा न घेता आली आणि रिकाम्या हातानेच गेली. "डेपोत नवी पोरं यायची. हैतीची, बांगलादेशची. कुणी कुरकुर केली की मी हीच गोष्ट ऐकवायचो. आम्हाला कुणी तिकीट काढून दिलं नव्हतं म्हणायचो." मग जरा थांबून, "जमीनदाराने काढून दिलं होतं, नाही का?"

"त्याच्या सोयीने," मी म्हटलं.

"तरी काढून दिलं होतं."

यावर मी काय बोलणार? मी सहीचा रकाना मोठा करून दाखवला. फुली. दोन रेघा, एक सरळ, दुसरी थोडी घसरलेली, दोन्ही बाजूंना कारकुनाच्या वळणदार अक्षरात तिचं नाव आणि 'हिची खूण'. माझे वडील पतसंस्थेत कॅशियर होते. त्यांच्या टेबलावर 'नि. डा. हा. अं.' लिहिलेल्या स्लिपांवर निळे अंगठे उमटताना पाहत मी मोठी झाले. बायका अंगठा पुसायला पदराचं टोक शोधायच्या. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते नाव म्हणून दाखवतेस का परत? गावाचं?"

कोशात स्थानिक आवाजातलं रेकॉर्डिंग असतं, ते शोधू लागले, तर हात हलवून म्हणाले, तुझ्या वहीतलंच वाच. मग मी साताऱ्याच्या उच्चारात केरीचं बंदर वाचलं आणि त्यांनी ब्राँक्सच्या उच्चारात माझ्यामागून म्हटलं. टूसिस्टमधल्या कुणाला त्यातलं एक अक्षर कळलं असतं की नाही, शंकाच आहे.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, ती ते जाताना निघाली. खालच्या मॅनहॅटनला जाऊन तिची वस्ती बघावी, असं त्यांच्या मनात होतं. वस्ती नाही. मलबेरी बेंड पाडून तिथे केलेलं कोलंबस पार्क आहे, तिथे आता चिनी आजोबा पत्ते खेळतात. मॉट स्ट्रीटवरचं ट्रान्सफिगरेशन चर्च मात्र अजून उभं आहे, आयरिशांनंतर इटालियन, आता मास, म्हणजे चर्चमधली उपासना, कँटनीज आणि मँडरिनमध्येही होतो. १९९१ मध्ये फोली स्क्वेअरला कोर्टाची इमारत बांधताना फाइव्ह पॉइंट्सच्या घरांमागचे हौद आणि संडास उकरले गेले, साडेआठ लाख वस्तू निघाल्या. कप, पाइप, मुलांच्या गोट्या. त्या नीट जपायच्या म्हणून वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सहा नंबर इमारतीच्या तळघरात ठेवल्या. ११ सप्टेंबरला सगळ्या गेल्या. अठरा वाचल्या, कारण त्या प्रदर्शनासाठी बाहेर उसन्या दिल्या होत्या. त्यात एक चहाचा कप आहे, फादर मॅथ्यूचं चित्र असलेला, हा आयर्लंडातला दारूबंदीवाला पाद्री. "कप वाचला?" त्यांनी दोनदा विचारलं. वाचला.

ते गेल्यावर मी यादीवाल्यांना दुरुस्ती पाठवली: 'किल मॅकलोग' ही व्यक्ती नाही, गाव आहे, कृपया रकाना बदलावा. पोच आली. तीन आठवड्यांनी पुन्हा पाठवली, पुन्हा पोच आली. परवा सहज पाहिलं, तर किल मॅकलोग अजून यादीत आहे, बाप, मयत. आणि मध्यंतरी दोन वेगवेगळ्या कुटुंबांनी त्याला आपापल्या वंशावळीत घेतलंय. एकाने तर जन्मतारीखही टाकली आहे.