आधी मोजा, मग कापा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला आणि मला आमच्या जीवशास्त्राच्या मॅडम आठवल्या. आमच्या वेळी अकरावीच्या प्रॅक्टिकलला गांडूळ असायचे. मेणाचा ट्रे समोर आला की पोरांचे हात कात्रीकडे जात, मॅडम मात्र आधी भिंग देत. "वरून मोजत या," म्हणायच्या. तोंडापासून चौदा, पंधरा, सोळा या तीन वलयांभोवतीचा क्लायटेलम नावाचा जाडसर पट्टा, पोटाच्या बाजूने चौदाव्यावर मादीचे एकच छिद्र, अठराव्यावर नराची दोन. हे स्वतःच्या डोळ्यांनी सापडेपर्यंत टाचणी मिळत नसे.

एकदा त्यांनी जिवंत गांडूळ कोरड्या वर्तमानपत्रावर सोडले आणि वर्ग चिडीचूप केला. कागदावर बारीक खरखर ऐकू आली. पहिले, शेवटचे आणि क्लायटेलमची वलये सोडून प्रत्येक वलयाभोवती कातडीत रुतलेले वाकडे राठ केस असतात, त्यांनी जमीन पकडत ते पुढे सरकते. लगेच त्यांनी त्यावर पाणी शिंपडले, कारण गांडुळाला फुप्फुस नाही, ओल्या कातडीतूनच त्याचा श्वास चालतो.

चीर नेहमी पाठीवर द्यायची. मज्जारज्जू पोटाकडून जातो, तिकडून कापले तर तोच तुटतो. टाचण्या तिरप्या, ट्रेमध्ये पाणी, म्हणजे अवयव तरंगून सुटे दिसतात. आठव्या वलयात गिझर्ड, ज्वारीच्या दाण्याएवढे टणक. गांडुळाला दात नाहीत, माती आणि कुजलेला पाला इथेच भरडला जातो. हृदयांच्या चार जोड्या सातव्या, नवव्या, बाराव्या आणि तेराव्या वलयात. रक्त लाल, पण हिमोग्लोबिन पेशींत नसून थेट प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवात, विरघळलेले.

"मॅडम, कापलं तर दोन होतात न?" एकाने विचारले. "मागच्या तुकड्यात हृदय कुठे आहे, मोजून सांग मले," त्या म्हणाल्या. त्याने मोजले आणि गप्प बसला.

ही वलये आधी कोणी मोजली, हेही त्यांनीच सांगितले. लखनऊचे प्राध्यापक करम नारायण बहल यांनी 1926 साली फेरेटिमा या भारतीय गांडुळाची रचना सविस्तर मांडली होती. आपल्या मातीतल्या प्राण्यावर आपल्याच माणसाने काम केले, हे सांगताना मॅडमचा आवाज चढायचा.

आज काटोलकडे माझा संत्र्याचा बगीचा आहे. गांडूळखताच्या टाक्यातली आयसेनिया मी बगीच्यात सोडत नाही. ती शेण-पाल्याच्या थरात राहणारी गांडुळाची जात आहे, आपल्या काळ्या जमिनीत तिचा निभाव लागत नाही. माती पोखरणारी गांडुळे वेगळी. मे महिन्यात भेगा पडल्या की ती खोल जातात आणि पावसाळ्यात वर येतात. त्यांच्यासाठी झाडाखाली पाला ठेवायचा आणि नांगरट कमी करायची. ही समज मला त्या ट्रेवरच आली.

शाळेला एक विनंती आहे. प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचे चालले आहे असे ऐकतो. तेवढा तुकडा मातीचाच राहू द्या. पहिल्या पावसानंतर अकरावीच्या मुलांना भिंग घेऊन तिथे न्या.