सातबाऱ्यावर नसलेली विहीर आणि आमचा सौर पंप

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचे चार एकर वावर आहे. विहिरीला पाणी आहे, पण वीजजोडणी नव्हती, म्हणून हरभऱ्याचे ओलित धुऱ्यापलीकडच्या काकांच्या विहिरीवरून पाइप टाकून चालायचे. शेतीच्या वीजवाहिनीवर विजेची दिवसाची पाळी असेल तेव्हा काकांनी आपल्या वावराला पाणी द्यायचे आणि रात्रीची असेल तेव्हा आम्ही आमच्या, असे ठरलेले होते. साठी ओलांडलेले बाबा बॅटरी घेऊन रात्री दोन वाजता दांड बदलायला निघत, तेव्हा ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नसे. साप आणि रानडुकरे यांची भीती आमच्याकडे रोजची आहे.

2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली आणि मी महावितरणच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के हिस्सा भरायचा असतो. उरलेली रक्कम केंद्र आणि राज्य शासनाकडून येते. पंपाची क्षमता जमिनीवर ठरते. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे साडेसात, या हिशेबाने आम्हाला 5 एचपीचा पंप बसत होता.

अर्ज अडला तो विहिरीवर. आजोबांनी खोदलेल्या, तीन पिढ्यांनी पाणी प्यालेल्या त्या विहिरीची सातबाऱ्यावर नोंदच नव्हती, आणि पाण्याच्या साधनाची नोंद असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तलाठ्यांकडे लेखी अर्ज देणे, त्यांनी जागेवर येऊन पाहणी करणे आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या ऑनलाइन नोंदीत, जलसिंचनाचे साधन म्हणून विहीर दाखवणे, यात जवळजवळ दोन महिने गेले. दुसरी अडचण घरातली होती. जमिनीवर बाबांसोबत दोन्ही आत्यांची नावे आहेत, त्यामुळे 200 रुपयांच्या मुद्रांकावर त्यांचे ना हरकत पत्र लागले. मोठ्या आत्या पुसदहून स्वतः आल्या आणि सही करताना म्हणाल्या, “दादा रात्री वावरात जाणार नसेल, तर अशा दहा कागदांवर सही करते.” ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी ही दोन कामे आधी उरकावीत, असे मी कळकळीने सांगतो, पैसे भरणे आणि यादीतून कंपनी निवडणे हा भाग त्यामानाने फार सोपा आहे.

खरी कसोटी जागेच्या पाहणीच्या वेळी लागली. कंपनीचे तंत्रज्ञ मे महिन्यात भर दुपारी आले आणि विहिरीजवळच्या कडुनिंबाच्या उत्तरेला त्यांनी सौर प्लेटांची जागा आखली. त्या दिवसांत आमच्या भागात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि सावली झाडाच्या बुडाशीच राहते, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगे दिसले नाही. परंतु हरभऱ्याला पाणी लागते ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि भर दुपारीही सावली उत्तरेला जवळपास झाडाच्या उंचीइतकी लांब पडते. प्लेटा एकीला एक अशा ओळीने जोडलेल्या असतात, म्हणून एकीवर सावली आली तरी साऱ्या ओळीचा प्रवाह घटतो. हे मी त्यांना जमिनीवर काडीने रेघ ओढून दाखवले. निंब तोडा, असा सल्ला मिळाला. तो आम्ही मानला नाही. अखेर जास्तीच्या केबलवरून थोडी घासाघीस होऊन जागा साठ फूट पश्चिमेला सरकली.

पंप ऑक्टोबरमध्ये बसला. पंधरवड्यातच तो चालू होताच बंद पडू लागला. विहिरीत पाणी असूनही पंपाचा नियंत्रक पाणी संपल्याची सूचना दाखवत होता. देखभाल आणि विमा पाच वर्षे पुरवठादाराकडे असतो, तरीही दुरुस्तीला माणूस येण्यास सतरा दिवस लागले, आणि ऐन पेरणीच्या हंगामात ते आम्हाला फार जड गेले. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवला होता म्हणूनच पाठपुरावा करता आला.

यंदा फुलोऱ्याआधीचे पाणी बाबांनी सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत, चार दिवसांत दिले. ढगाळ दिवशी धार बारीक होते आणि सकाळी नऊच्या आधी पंप फारसे पाणी फेकत नाही, पण त्याचा अंदाज आता आला आहे. काकांची जोडणी मात्र जुनीच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहून त्यांच्या वाहिनीला दिवसा वीज मिळेल, याची ते वाट पाहत आहेत. बाबांची बॅटरी आमच्या ओसरीत खुंटीला टांगलेली असते. रात्रीची पाळी आली की आता ती काका घेऊन जातात.