दीड वाजताचं विमान, पण कोणत्या रात्री?

२०२५च्या मे महिन्यात आईला घेऊन दादाकडे, न्यूजर्सीला जायचं ठरलं. तिकीट आल्यावर आई चष्मा लावून बसली. मुंबईहून सुटणार १४ मेला १.३० वाजता, न्यूअर्कला पोहोचणार १४ मेलाच सकाळी ७.३०ला.

"अरे, सहाच तास? एवढे तर मला बडोद्याहून मुंबईला जायला लागतात!"

दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळातल्या असतात, हे तिला समजावलं. मेमध्ये तिकडचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. सहात साडेनऊ मिळवले की साडेपंधरा. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भाचीच्या पृथ्वीच्या गोलावर आईनं गजऱ्याचा दोरा ताणून पाहिला, तर तो अरबस्तानाकडे न जाता थेट उत्तरेला चढला आणि आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली उतरला. सपाट नकाशा बघून वाढलेल्या मला हे तेव्हाच नीट पटलं. प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून जात नाही. वारा बघावा लागतो, बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात. पाकिस्ताननं आपल्या विमानांना एप्रिलपासून वाट बंद केली होती.

एवढं शहाणपण शिकवून मी स्वतः मात्र माती खाल्ली. बडोदा-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं होतं, १४ मेच्या संध्याकाळचं! आमचं मोठं विमान तर १३च्या रात्रीच, म्हणजे बारा वाजून गेल्यावर, उडणार होतं. चूक आईनंच पकडली. पंचांग बघणाऱ्या माणसाला तारीख कधी बदलते ते पक्कं ठाऊक असतं. तिकिटं वेगवेगळी असली की पहिलं विमान चुकल्यावर दुसरी कंपनी थांबत नाही, सामानही मुंबईला उतरवून पुन्हा द्यावं लागतं. म्हणून ते तिकीट रद्द केलं, थोडे पैसे बुडाले, आणि १३ला सकाळी तत्काळमधून रेल्वे धरली. बोरिवलीला उतरून टॅक्सी. रात्री आठलाच विमानतळावर. आईनं डब्यातले ठेपले काढले.

दांडिया बाजारातून सकाळी साडेदहाला निघालो होतो. न्यूअर्कला चाकं टेकली तेव्हा आईच्या मनगटावर, बडोद्याच्या वेळेनं, दुसऱ्या दिवशीचे संध्याकाळचे पाच. साडेतीस तास! त्यातले हवेतले साडेपंधराच. इमिग्रेशनच्या रांगेतला तास आणि दादाच्या गाडीतला वेळ आणखी वेगळा. तिथे सकाळ असूनही आईनं संध्याकाळचा चहा मागितला, आणि घड्याळ महिनाभर बदललं नाही.

परतीचं तिकीट तिनं मला दिलंच नाही. स्वतःच वाचलं. दुपारी साडेबाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबई.

"चोवीसातून साडेनऊ गेले, साडेचौदा. येताना एक तास कमी कसा रे?"

वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो येताना पाठीशी असतो, असं मी सांगितलं.

"मग जाताना का नाही सांगितलंस?" म्हणाली, आणि बॅग भरायला उठली.